पेरणीआधीची पैसेवारी

(हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत हळदीचे भाव, पीकविमा आणि ऊसतोड मजुरांचे प्रश्न यांच्या शेजारी ‘शिक्षा ठरवताना आकडेशास्त्राचा वापर’ हा विषय पाहून आपल्यापैकी काही जण बुचकळ्यात पडले असतील. सकाळी चहाच्या वेळी एका साथींनी मला विचारलेही, की अमेरिकेतला हा वाद तुम्ही हट्ट्याला कशासाठी आणला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना मी प्रारंभ अमेरिकेपासून करणार नाही, आपल्या पैसेवारीपासून करतो.

पैसेवारी कशी लागते हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. गावातली काही निवडक वावरे घ्यायची, तेथे पीक कापणीचे प्रयोग करायचे आणि त्यांवरून साऱ्या गावाचा आकडा काढायचा. तो पन्नास पैशांच्या वर गेला की दुष्काळी सवलतींचा दरवाजा बंद. पीकविम्यातही मंडळाच्या सरासरी उत्पन्नाचाच हिशेब. तुमच्या वावरात पोते पिकले की पायली, याची त्या सरासरीला काही खबर नसते. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी होते म्हणून तुम्ही सुखी ठरता. ह्या अन्यायाविरुद्ध आपण मोर्चे काढले आहेत. तरीही पैसेवारीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे, ती निदान पीक उभे राहिल्यावर तरी लागते. आता असे समजा, की पेरणीच्या दिवशीच, शेजारच्या वावरांचे दहा वर्षांचे आकडे काढून तुमच्या वावराची पैसेवारी लावली. आणि तिच्यावरून तुमची नुकसानभरपाई ठरवण्याऐवजी तुम्ही तुरुंगात किती वर्षे बसायचे हे ठरवले. आजचा विषय तो हाच.

अमेरिकेतील अनेक राज्यांत आरोपी दोषी ठरला, की न्यायाधीशासमोर जो अहवाल येतो त्यात एक गुणांक असतो. हा मनुष्य सुटल्यावर पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, हे तो गुणांक सांगतो. ‘कॉम्पास’ नावाची अशी एक प्रणाली एका खाजगी कंपनीने तयार केलेली आहे. तिची प्रश्नावली शंभराहून अधिक प्रश्नांची. पूर्वी किती वेळा अटक झाली हा प्रश्न तर आहेच. पण त्याबरोबर तुमचे आईवडील कधी तुरुंगात गेले होते काय, तुमच्या मित्रांपैकी कितीजणांना अटक झाली आहे, गेल्या बारा महिन्यांत तुम्ही किती वेळा बिऱ्हाड बदलले, असेही प्रश्न आहेत. उपाशी माणसाला चोरी करण्याचा हक्क आहे, हे तुम्हांला मान्य आहे काय, असाही एक प्रश्न त्या प्रश्नावलीत आहे! आपल्या पक्षाचे कितीतरी जुने पुढारी ह्या एका प्रश्नावरच नापास झाले असते.

बिऱ्हाड बदलण्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या कुटुंबांनी त्याचे काय उत्तर द्यावे? कोयता हाती घेऊन सहा महिने फडातून फडात हिंडणाऱ्या मजुराचे पोट त्या हिंडण्यावर चालते. यंत्राच्या वहीत तेच हिंडणे अस्थिरपणाची खूण म्हणून जमा होते. दारिद्र्याची जी लक्षणे, तीच धोक्याची लक्षणे होऊन बसतात.

ह्या गुणांकाविरुद्ध विस्कॉन्सिन राज्यात एका आरोपीने दाद मागितली. लूमिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि शिक्षा देताना न्यायाधीशांनी त्या गुणांकाचा उल्लेख केला होता. आरोपीचे म्हणणे साधे होते: हा आकडा कसा काढला ते मला दाखवा. कंपनीचे म्हणणे असे, की ते आमचे व्यापारी गुपित आहे. २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा गुणांकाबाबत सावधगिरीच्या सूचना दिल्या. गुणांक हाच शिक्षेचा निर्णायक आधार असू नये असे बजावले. पण शिक्षा कायम ठेवली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. साक्षीदार खोटा असेल तर त्याची उलटतपासणी घेता येते. गुपिताची उलटतपासणी कशी घ्यायची?

२०१६ मध्येच ‘प्रोपब्लिका’ ह्या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातील ब्रोवर्ड परगण्यात अटक झालेल्या सात हजारांवर लोकांचे गुणांक तपासून पाहिले. पुढील दोन वर्षांत ज्यांच्या हातून कोणताही नवा गुन्हा नोंदला गेला नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांना यंत्राने धोकादायक ठरवलेले होते. गोऱ्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. कंपनीने उत्तर दिले, की आम्ही धोकादायक ठरवलेल्यांपैकी पुन्हा पकडले गेलेल्यांचे प्रमाण दोन्ही वर्णांत सारखेच आहे, मग पक्षपात कोठे आहे? येथे आपण थोडे थांबू, कारण ह्या प्रश्नाचा गाभा येथेच आहे. दोघांचेही आकडे खरे होते. सांख्यिकीच्या अभ्यासकांनी नंतर सिद्ध केले, की दोन समाजगटांत अटकेचे मूळ प्रमाणच जर वेगळे असेल, तर ह्या दोन्ही प्रकारचा न्याय एकाच गुणांकात साधणे गणितानेच अशक्य आहे. कोणता न्याय सोडायचा हे मनुष्यालाच ठरवावे लागते, आणि तो निर्णय राजकीय असतो. तो आकड्यांच्या आड लपवला, की कोणाला जाब विचारायचा हेच कळेनासे होते.

आणि अटकेचे मूळ प्रमाण वेगळे का असते? पोलीस जेथे अधिक वेळा जातात तेथे अधिक अटका होतात. बाजारपेठेतल्या पेढीवर खोट्या वह्या लिहिणाऱ्याच्या घरी पहाटे चार वाजता कोणी धाड घालीत नाही. माळावरच्या पालावर घालतात. यंत्राला गुन्हा दिसत नाही, त्याला फक्त नोंद दिसते.

आपल्यापैकी विज्ञाननिष्ठ साथींचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी हलका मानीत नाही. ते म्हणतील, न्यायाधीश काय पूर्वग्रहांपासून मुक्त आहेत? एका न्यायालयात ज्या गुन्ह्याला सहा महिने, शेजारच्या न्यायालयात त्यालाच तीन वर्षे, हे आपण पाहत नाही काय? मग लहरीपेक्षा आकडा बरा नव्हे काय? शिवाय ह्या शास्त्राचा उगम सुधारकांच्या हातूनच झाला आहे. १९२८ मध्ये शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी इलिनॉय राज्यातून पॅरोलवर सुटलेल्या सुमारे तीन हजार कैद्यांच्या नोंदी अभ्यासून २१ बाबींचा एक तक्ता तयार केला. कोणाला मुदतीपूर्वी सोडता येईल हे शोधावे, हा त्यांचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण त्या तक्त्यात माणसांचे जे ‘सामाजिक प्रकार’ होते, त्यांत घरदार नसलेला भटक्या हा एक स्वतंत्र प्रकार होता, हेही विसरता येत नाही. आणि अचूकपणाविषयी म्हणाल, तर २०१८ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिले, की ‘कॉम्पास’चे भाकीत साधारण ६५ टक्के वेळा बरोबर येते, न्यायशास्त्राचा गंध नसलेल्या सामान्य माणसांना थोडी माहिती देऊन अंदाज विचारला तर तेही जवळपास तितकेच बरोबर येतात, किंबहुना वय आणि पूर्वीच्या शिक्षा एवढ्या दोनच गोष्टींवरून तेवढाच अचूक अंदाज बांधता येतो. पस्तीस टक्के चूक हवामानखात्याला आपण कुरकुरत माफ करतो. मनुष्याची वर्षे मोजताना ती माफ करता येईल काय?

विज्ञानाला आमचा विरोध नाही. न्यायाधीशांच्या शिक्षांचे आकडे गोळा करा, कोणत्या जातीच्या, कोणत्या वर्गाच्या आरोपीला किती शिक्षा होते ते छापा, तसे कोणी करील तर आम्ही त्याचे स्वागत करू. तपासणी ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची व्हावी. येथे होते ती ज्याच्या हातात बेडी आहे त्याची.

आता हट्ट्याकडे येतो. आपल्या न्यायालयांत शिक्षा ठरवण्यासाठी असे गुणांकयंत्र आज वापरात नाही. पण माणसाच्या भावी गुन्ह्याचे भाकीत करून त्याला आधीच शिक्षा देण्याचा जेवढा दीर्घ अनुभव ह्या देशाने घेतला आहे, तेवढा अमेरिकेनेही घेतलेला नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमात अट्टल गुन्हे करणारी आहे असे सरकारने राजपत्रात जाहीर करायचे, आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही, अशी स्पष्ट तरतूद त्या कायद्यात होती. व्यापारी गुपिताचे हे जुने सरकारी रूप. १९११ मध्ये मुंबई इलाख्याला तो लागू झाला. हजेरी, परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत, हे सारे त्यातून आले. १९२४ च्या कायद्याचे तेविसावे कलम तर आजच्या विषयाचे मूळच म्हणावे लागेल: नोंदलेल्या जमातीतील मनुष्य ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर विशेष कारण नसल्यास किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा ठरला, तर जन्माचे काळेपाणी. तोच गुन्हा, तेवढीच चोरी. पण आरोपीचा जन्म कोठे झाला यावरून शिक्षा वाढायची. हे पुनर्गुन्ह्याचे भाकीतच नव्हते काय? त्याला यंत्र लागले नाही. एक यादी पुरली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु अनेक राज्यांत त्याच्या पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कायद्यातून जमातीचे नाव गेले, ठाण्याच्या वहीतून गेले नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले असेल त्यांना यावर अधिक सांगायला नको. गायकवाड तर आपल्या लातूर भागातलेच. तुरुंगांच्या नियमावल्यांत हा जन्मसिद्ध संशय इतका खोल मुरला होता, की तो उपटण्यासाठी पत्रकार सुकन्या शांता यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने तुरुंगातील जातिभेदाच्या आणि विमुक्तांना जन्मतः सराईत मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी!

आणि आपल्याच राज्यातली एक गोष्ट. जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला, एकाच कुटुंबातील पाच जणांची निर्घृण हत्या झाली, बलात्कार झाले. गुन्हा इतका अमानुष होता, की त्याचे नाव काढताना आजही अंगावर काटा येतो. भटक्या जमातीतील सहा मजुरांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सवलतही काढून घेतली आणि सहाही जणांना फाशी कायम केली. पुढे तो निर्णय फेरविचारात मागे घेतला गेला, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. जखमी साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर, तेव्हा त्यांना खोटे गुंतवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास शासनाला सांगितले. सोळा वर्षांचे पाच लाख.

ह्या सहा जणांच्या बाबतीत भाकितयंत्राने काय केले असते याचा विचार करा. घर नाही, शाळा नाही, कायमचा पत्ता नाही, नातलगांत अटक झालेले अनेक. गुणांक वरच्या टोकाला गेला असता. ‘ह्याने गुन्हा केला काय’ हा प्रश्न ते यंत्र विचारीतच नाही. तो सुटला आहे असे गृहीत धरून पुढचा हिशेब मांडते. आणि निर्दोष सुटल्यानंतरही अटकेची नोंद राहतेच. म्हणजे पुढच्या वेळी, त्यांच्या मुलांच्या वेळी, आईवडिलांपैकी कोणी तुरुंगात होते काय, ह्या रकान्यात ‘होय’.

आज ह्या नोंदी कागदी राहिलेल्या नाहीत. २००९ पासून देशातील पोलीस ठाणी संगणकाच्या एका जाळ्यात जोडण्याचे काम सुरू झाले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘मार्व्हल’ ही स्वतंत्र कंपनी नागपूरला स्थापन केली. सायबर गुन्हेगार पकडण्यासाठी त्याचा उपयोग होत असेल तर आमची तक्रार नाही. पण आजवर ठाण्याच्या कपाटात धूळ खात पडलेला संशय आता एका कळीसरशी न्यायाधीशाच्या टेबलावर येऊ शकतो, आणि तोही शास्त्राचा अंगरखा घालून. मार्च २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने एका जामीनअर्जाच्या वेळी क्रौर्याच्या गुन्ह्यांतील जामिनाबद्दल यंत्राचे मत विचारून पाहिले होते. निर्णय त्यावर दिला नाही असे न्यायालयाने स्पष्ट केले, पण विचारण्याची वाट पडली. उलट केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये धोरण आखून जिल्हा न्यायालयांना बजावले, की निष्कर्ष, आदेश वा निकाल देण्यासाठी ही साधने वापरू नयेत. असे धोरण मुंबई उच्च न्यायालयानेही करावे अशी मागणी आपण केली पाहिजे.

हा प्रश्न फक्त पालांवरचा आहे असे कोणी समजू नये. ह्या सभेत बसलेल्या किती साथींवर रास्ता रोकोचे, जमावबंदी मोडल्याचे, सरकारी कामात अडथळा आणल्याचे गुन्हे आहेत? हात वर करू नका; अर्धी सभा उभी राहील. यंत्राला मोर्चाची अटक आणि मारामारीची अटक सारखीच. आणीबाणीत ‘मिसा’खाली आपल्या वडीलधाऱ्या साथींना एकोणीस महिने डांबले, तेव्हा त्यांनी काय केले याचा खटला चालला नाही, ते पुढे काय करतील ह्या सरकारच्या अंदाजावर त्यांना आत ठेवले. तडीपारी आणि १९८१ चा धोकादायक व्यक्तींचा कायदा ही त्याच अंदाजाची आजही चालू असलेली रूपे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम पाहा. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला तर त्याला सोडावे, ही चांगली तरतूद आहे. पण ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील त्याला हा लाभ नाही. गुन्हा सिद्ध झालेला नसला तरी चालेल, प्रकरणांची संख्या पुरे. यंत्र नसतानाही हा गुणांकच आहे, अगदी ओबडधोबड. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतल्या तिघांचा न्याय व्हायचा आहे, आणि आपण त्यांच्या भविष्याची मोजदाद करायला निघालो आहोत!

भविष्याचा विचार न्यायाधीशाने मुळीच करू नये काय? करावा; आपल्या कायद्याने त्याची वाटही दाखवली आहे. १९८० च्या बचनसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या संदर्भात म्हटले, की हा मनुष्य समाजाला सतत धोका ठरणार नाही आणि सुधारू शकेल ही शक्यता त्याच्या बाजूने धरावी. ती नाही हे शासनाने पुराव्याने सिद्ध करावे. येथे भाकिताचे ओझे शासनावर आहे, आरोपीवर नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात परिवीक्षा अधिकाऱ्याने आरोपीच्या घरी जाऊन, त्याच्या माणसांशी बोलून अहवाल द्यावा अशी सोय आहे. त्या अधिकाऱ्याला न्यायालयात प्रश्न विचारता येतो: तुम्ही पालावर गेला होता काय, किती वेळ बसला, कोणाशी बोललात? तो चुकला तर त्याची चूक दाखवता येते. २०२२ मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत असे अहवाल मागवणे आवश्यक ठरवले. जो पैसा गुणांक विकत घेण्यावर उद्या खर्च होईल, तो आज परिवीक्षा अधिकारी नेमण्यावर खर्च करा, ही आपली मागणी असली पाहिजे. आणि हातात आकडेच घ्यायचे असतील, तर कोणाला काम हवे, कोणाला दारूपासून सोडवायला हवे, कोणाच्या मुलांना आश्रमशाळा हवी, हे शोधण्यासाठी घ्या.

मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की केवळ मागास वा वंचित समाजातील आहे म्हणून निरपराध माणसाचे नाव पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवू नये. तो आदेश ठाण्याच्या वहीपर्यंत पोचला की नाही, हे पाहणे कार्यकर्त्याचे काम आहे. त्याची सुरुवात आपल्यापासूनच करू. उद्या सकाळच्या गटचर्चेला येताना प्रत्येक साथीने एक कागद आणावा: आपल्यावर आजवर किती गुन्हे नोंदले गेले, त्यांतले किती मागे घेतले गेले, किती खटल्यांत निर्दोष सुटका झाली, आणि त्या निकालाची प्रत घरात आहे काय. मला वाटते, बहुतेकांकडे प्रत सापडणार नाही. ती न्यायालयातून कशी काढायची, त्यासाठीचा अर्ज कसा लिहायचा, हे आपले वकील साथी दुपारी समजावून देतील. ते एकदा आपल्या हाताला लागले, की पुढच्या रविवारी तोच कागद घेऊन आपण वसमत तालुक्यातल्या पालांवर जाऊ.